खारजमिनीत जिवाणू खत चालतं, पण ते जिवंत हवं

ताई, दिव्याकडच्या खाचराबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचलं. लावणीनंतर पातीचे शेंडे करपले, मधेमधे टकलं पडली, जिवाणू खताची पाकिटं वापरूनही फरक नाही, आणि आता प्रश्न पडलाय की हे सगळं थोतांड आहे का. आमची शेती खारबावच्या बाजूला, खाडीलगत. हेच सगळं आम्ही भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी कृषी पदवीधर नाही, अनुभवाचं बोलतोय.

थोतांड नाही. पण जिवाणू मीठ खात नाहीत, हे आधी पक्कं धरा. खाराचा ताण बसला की रोपात इथिलीन नावाचं, वाढ रोखणारं संप्रेरक वाढतं आणि मुळं खुंटतात. काही जिवाणूंकडे एसीसी डीअमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. इथिलीन ज्या पदार्थापासून बनतं, तोच पदार्थ ते मोडून टाकतं. काही जिवाणू मुळांभोवती चिकट थर धरतात, त्यात थोडा सोडियम अडकतो. रोप तग धरतं ते यामुळे. शेतातला खार मात्र पावसाच्या पाण्यानेच धुतला जातो, आणि ते पाणी बाहेर जायला उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं झडपेचं दार, धड लागते. झडप गळत असेल आणि दर उधाणाला खाडी आत येत असेल, तर कुठलंही पाकीट वाया. बांधबंदिस्तीचं तुम्हाला ठाऊकच असेल, त्यात शिरत नाही.

मला बोलायचंय ते पाकिटांबद्दल. आम्हाला ती एका कार्यालयातून मिळाली, नाव घेत नाही. मे महिना, वर पत्रा, खोकी खिडकीला लावून रचलेली आणि दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर. पाकीट हातात घेतलं तर गरम लागत होतं, आतली भुकटी कोरडी ठणठणीत. विचारलं तर उत्तर आलं, "खत ते खत, त्याला काय होतंय?" अहो, भुकटीत ग्रॅममागे किमान 5 कोटी आणि द्रवरूप खतात मिलिलिटरमागे किमान 10 कोटी जिवंत पेशी हव्यात, हे खत नियंत्रण आदेशातच आहे. उन्हात भाजून काढल्यावर त्यातल्या किती उरणार?

पीक फसल्यावर त्याच कार्यालयाने सांगितलं की खारजमिनीत जिवाणू चालत नाहीत, जिप्सम टाका. माती अहवालात विद्युत वाहकतेचा, म्हणजे मातीत खार किती ते सांगणारा, रकाना कोरा! जिप्सम चोपण जमिनीला लागतं, म्हणजे जिथे सोडियम मातीच्या कणांनाच धरून बसलेला असतो. आपल्याकडचा खार खाडीचा, म्हणजे मुख्यतः साधं मीठच. एक आकडा मोजला नाही, म्हणून जिप्समचे पैसे, वाहतूक आणि अख्खा हंगाम गेला. याहून वाईट म्हणजे आमच्या शेजारचे शेतकरी अजूनही जिवाणू खताला हात लावत नाहीत. याचा मला आजही संताप येतो.

म्हणून, अहवालात वाहकता मागूनच घ्या. 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारी धरतात, आणि भाताला तर 3 नंतरच त्रास सुरू होतो. नमुना कधी घेतला त्याची तारीख लिहून ठेवा, कारण उन्हाळ्यात खार वर चढतो, ढेकळांवर पांढरा पापुद्रा येतो. जुलैअखेरीस त्याच खाचरात आकडा वेगळा येईल.

लावणीआधी पावसाचं पाणी खाचरात तुंबवा आणि सोडा, असं दोन-तीनदा करा. रोप कोवळं लावू नका, भात रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात खाराला सर्वांत हळवं असतं. बियाणं निवडायला मिठाचं पाणी वापरत असाल तर नंतर साध्या पाण्याने नीट धुवा. बुरशीनाशक लावायचंच असेल तर आधी, जिवाणू सगळ्यांत शेवटी. स्ट्रेप्टोमायसीन किंवा ताम्रयुक्त औषध त्यांच्याबरोबर अजिबात नको. भाताला अझोस्पिरिलम (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू घ्या. रोपांची मुळं या जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास सावलीत बुडवून त्याच दिवशी लावा. थोडं जिवाणू खत कुजलेल्या शेणखतात मिसळून टाकलं तर माझ्या मते जास्त टिकतं, पण हे माझ्या शेतापुरतं.

घेताना उत्पादनाची तारीख बघा आणि हे जिवाणू क्षार सोसणारे आहेत का ते विचारा; गोड्या जमिनीतून काढलेले आपल्याकडे लवकर दम टाकतात. जात निवडताना पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल 1, 2, 3 यांची चौकशी करा. जातच खाराला हळवी असेल तर जिवाणू तरी किती सांभाळणार?

पाकीट नेमकं कोणत्या जिवाणूचं होतं, वाहकता किती आली आणि उघाडी कोणाच्या ताब्यात आहे, एवढं इथे लिहा. त्यावरून पुढचं सांगता येईल.