जर्मनीत स्वतःचं काम: आधी कलम ठरवा
जर्मनीच्या व्हिसाचा अर्ज भरण्याआधी तुमचं काम कशात बसतं ते बघा. भाषांतरकार, शिक्षक, इंजिनिअर, चित्रकार हे निवास कायद्याच्या कलम 21(5) खाली, फ्रीलान्सर म्हणून. दुकान, हॉटेल, आयात-निर्यात हा धंदा. त्याला 21(1), आणि तिथे स्थानिक गरज व भांडवल दाखवावं लागतं. इथे गल्लत झाली की फाइल अडकलीच.

फ्रीलान्सरचा सगळा जोर ग्राहकांच्या पत्रांवर. ‘गरज पडल्यास कळवू’ छापाचं पत्र कुचकामी. कामाचं स्वरूप, तास, युरोतला दर, कालावधी आणि सही हवी. ग्राहक जर्मनीतले असले तर उत्तम. प्रवास विम्यावर भागत नाही, पूर्ण आरोग्य विमा घ्या. पंचेचाळिशी ओलांडली असेल तर म्हातारपणाची तरतूदही दाखवा. निवास परवाना सुरुवातीला जास्तीत जास्त 3 वर्षांचा. आणि पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे बदलून घेऊ, हा बेत सोडूनच द्या.