बारावीनंतर नागपुरात इंजिनिअरिंगला यायचंय. प्रवेश घेताना काय सांभाळावं, आणि तिथलं कॉलेज-जीवन कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की बारावी पीसीएम तुमसरहून केली, प्रवर्ग ओबीसी, एमएचटी-सीईटी दिली आहे. नागपूरच्या एका कॉलेजचे सर घरी येऊन 'तुमची जागा पक्की' सांगून गेले आणि मूळ कागदपत्रं मागताहेत. घरचे म्हणतात रोज अप-डाऊन कर. शिवाय मैत्रिणीच्या बीसीएचं विचारलंय. मी नागपुरातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेश विभागात काम करतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, उत्तराची जाहिरात व्हायला नको.

आधी त्या सरांचं. मे-जूनमध्ये नागपूरचे कित्येक प्राध्यापक भंडारा-गोंदियाच्या गावांत फिरताना दिसतील. व्यवस्थापनानं प्रत्येकाला मुलं आणायचा आकडा दिलेला असतो. वर्ग भरला नाही की वर्कलोड (शिकवायचे तास) जातो, आणि वर्कलोड गेला की नोकरी. त्यामुळे घरी आलेला माणूस वाईट असतो असं नाही, तो अडलेला असतो. त्यांना चहा पाजा, माहितीपत्रक ठेवून घ्या, प्रश्न विचारा. पण मूळ टीसी आणि मार्कशीट हातात देऊ नका. एकदा ती त्यांच्या कपाटात गेली की प्रवेशाच्या पुढच्या फेरीत चांगलं कॉलेज लागलं तरी तुम्ही त्यांच्या दारात कागद मागत उभ्या राहणार. मूळ प्रमाणपत्रं पाहून, झेरॉक्स ठेवून परत द्यायची, अडकवून ठेवायची नाहीत, असं यूजीसीनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. तरी हा प्रकार थांबलेला नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रवेशाच्या पोर्टलचं लॉगिन आणि ओटीपी, ते कुणाला देऊ नका. 'फॉर्म आम्हीच भरून देतो, तुम्हाला त्रास नको' हे वाक्य ऐकलंत की सावध व्हा. आमच्या काउंटरवर दरवर्षी असं एखादं तरी घर येतं. मुलीला पर्सेंटाइल बरं असतं, वडील म्हणतात, 'साहेब, हिला दुसरीकडे कुठंच नंबर लागला नाही.' ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम भरतात तो) उघडून पाहावा तर पर्यायांमध्ये सगळे कोड एकाच कॉलेजचे. वरपासून खालपर्यंत शाखा तेवढ्या बदललेल्या. दुसरीकडे नंबर लागणार कुठून, मागितलाच नव्हता. आणि पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर ती जागा आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच कायम होते, पुढच्या फेऱ्यांमध्ये बेटरमेंटला, म्हणजे आणखी चांगली जागा मिळवायला, वाव राहत नाही. म्हणून फॉर्म स्वतः भरा. सायबर कॅफेत भरलात तरी शेजारी बसा आणि सबमिट केल्यावर निघणारी पीडीएफ घरी आणून वाचा. पहिल्या नंबरावर तेच कॉलेज टाका जे मिळालं तर खरंच जाल.

'जागा पक्की' म्हणजे काय तेही समजून घ्या. सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांमधली जागा कुठलेच सर पक्की करू शकत नाहीत, ती गुणवत्ता यादीवर ठरते. त्यांच्या हातात असतो संस्थास्तरावरचा कोटा (कॉलेज स्वतः भरतं त्या जागा) आणि फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागा. इथंच तुमचा मोठा तोटा होऊ शकतो. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. म्हणजे जी जागा तुम्हाला कॅपमधून जवळपास फुकट मिळू शकते, तीच कोट्यातून घेतली तर पूर्ण फी. हे घरी आलेले सर सहसा सांगत नाहीत. वडिलांना हा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवा.

आता कागदपत्रं. मार्कांपायी जागा गेलेल्या मुलांपेक्षा कागदापायी गेलेली मुलं मी जास्त पाहतो. ओबीसीतून जागा हवी तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र (व्हॅलिडिटी) आणि नॉन-क्रीमी लेयर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला), तिन्ही लागतात. नॉन-क्रीमी लेयरवरची मुदत बघा, प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत ते चालायला हवं. भावासाठी मागे काढलेलं किंवा अकरावीत काढलेलं घेऊन येणारे खूप असतात.

व्हॅलिडिटीचा अर्ज खरं तर अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत जायला हवा. गेला नसेल तर आज-उद्या भंडाऱ्याच्या पडताळणी समितीकडे चौकशी करा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणजे आजोबा-पणजोबांचा. आपल्या भागात तो दोन ठिकाणी सापडतो: तहसीलच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही) आणि आजोबा ज्या शाळेत शिकले तिथलं दाखल-खारीज रजिस्टर. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचा, आत्याआजीचा दाखला शोधा, वडिलांकडच्या रक्तनात्यातला चालतो, फक्त वंशावळ नीट जुळली पाहिजे. वडिलांकडच्या कुणाला आधीच व्हॅलिडिटी मिळाली असेल तर काम बरंच हलकं होतं. व्हॅलिडिटी वेळेत आली नाही की प्रवर्गातली जागा जाते आणि तुम्ही खुल्या यादीत येता. सरकार मुदतवाढ देतं, पण यंदाही मिळेलच असं धरून बसू नका.

आणि नावं जुळवून घ्या. मार्कशीटवर आडनावात एक ए जास्त, आधारवर कमी, बँकेत आईचं नाव मध्ये घुसलेलं. प्रवेश होऊन जातो, महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा) अर्ज मात्र तिथंच लटकतो. बँक खात्याला आधार जोडलेलं आहे ना, तेही आत्ताच विचारून या.

कॉलेज कोणतं, हे तुमचं पर्सेंटाइल न कळता सांगणं म्हणजे अंदाजे बाण मारणं. काही गोष्टी मात्र सांगता येतील. व्हीएनआयटीत (नागपूरची एनआयटी) सीईटी चालत नाही, तिथं जेईई मेन लागते. केमिकलची आवड असेल तर एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट) वरच्या पर्यायांत ठेवा. १९४२ पासूनची संस्था आहे, २०२३ मध्ये विद्यापीठातून वेगळी होऊन तिचंच विद्यापीठ झालं. बारावी भंडारा जिल्ह्यातून केल्यामुळे तुमचं होम युनिव्हर्सिटी नागपूर धरलं जातं, आणि स्वायत्त नसलेल्या खासगी कॉलेजांत राज्याच्या कोट्यातल्या ७० टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या मुलांना असतात. पुण्याला जायचं म्हटलं तर त्याच प्रकारच्या कॉलेजांत तुम्ही उरलेल्या ३० टक्क्यांत येता. 'पुणेच चांगलं' म्हणणाऱ्या काकांना हे माहीत नसतं.

माझं मत विचाराल तर: पर्सेंटाइल फारच कमी असेल आणि शहराबाहेरच्या, ओस पडलेल्या कॉलेजात 'कॉम्प्युटर' मिळत असेल, तर ते घेण्याआधी बीएस्सीचा विचार करा. सिव्हिल लाइन्समधली शासकीय विज्ञान संस्था, काँग्रेसनगरचं शिवाजी सायन्स, दीक्षाभूमीवरचं आंबेडकर कॉलेज इथं प्रयोगशाळा आहेत आणि त्यात मुलं काम करताना दिसतात. कुठलंही कॉलेज निवडताना वर्ग चालू असलेल्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, न सांगता जाऊन या. लॅबला कुलूप आहे का, ग्रंथालयात कुणी बसलंय का, पार्किंगमध्ये मुलांच्या गाड्या आहेत का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

मैत्रिणीला सांगा, २०२४ पासून बीसीए-बीबीएलाही सीईटी आहे. काही कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम वेगळ्या नावानं सीईटीविना ठेवलाय, तेव्हा पदवीवर काय छापून येणार हे विचारूनच पैसे भरा.

अप-डाऊनचं म्हणाल तर कामठी किंवा भंडाऱ्याची मुलं करतात, निभावतात. तुमसरहून मला अवघड वाटतं. घरून देव्हाडीला तुमसर रोड स्टेशनवर यायचं, तिथून ८० किलोमीटर रेल्वे, त्यात लोकल गाडी इतवारीलाच संपणारी असली तर पुढं वेगळं साधन. कॉलेज हिंगणा रोडला असेल तर अजून आख्खं शहर ओलांडायचं. मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन रेल्वे स्टेशनवरून थेट लोकमान्यनगरला जाते, तिकिटात विद्यार्थी सवलतही आहे, पण मेट्रो स्टेशनापासून कॉलेजच्या गेटपर्यंतचं अंतर नकाशावर मोजा. पहिल्या वर्षाला एम-वन (गणिताचा पहिला पेपर) आणि ग्राफिक्स (इंजिनिअरिंग ड्रॉइंग) असतं. चार-पाच तास प्रवासात गेले तर बॅक लागायला, म्हणजे विषय राहायला, वेळ लागत नाही.

राहायचं ठरलं तर आधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज करा. तिथं नंबर लागला नाही तर ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्. तिन्हींत राहण्या-जेवण्याचा खर्च थेट खात्यात येतो, उशिरा येतो, पण येतो. खासगी खोली पाहायची तर भर दुपारी पाहा. सर्वांत वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची खोली दोन-चारशे रुपयांनी स्वस्त मिळते आणि मे महिन्यात ४५ अंशांना तिथं पुस्तक उघडवत नाही. कूलर लावू देतात का, त्याचं वीजबिल वेगळं घेतात का, उन्हाळ्यात पाणी किती वेळ येतं, मुलींसाठी गेट किती वाजता बंद होतं, हे सगळं ॲडव्हान्स देण्याआधी विचारा. डब्याचा महिना लगेच बांधू नका. आठवडाभर खाऊन पाहा, नागपूरच्या कित्येक मेसवाल्यांचा हात तिखटाला फार सैल असतो.

कॅम्पस लाइफ: सिनेमात दिसतं तसं मोठं आवार डोक्यात असेल तर ते काढून टाका. अमरावती रोडवरचा विद्यापीठाचा परिसर आहे तसा ऐसपैस, पण तिथं मुख्यतः पदव्युत्तर विभाग आहेत. पदवीची मुलं आपापल्या कॉलेजात. व्हीएनआयटीचं आवार मात्र खरंच हिरवंगार आहे, तिथल्या ॲक्सिस (तांत्रिक महोत्सव) आणि आरोहीला (सांस्कृतिक महोत्सव) बाहेरच्या कॉलेजांची मुलंही जातात, तुम्हीही जा. एरवी आयुष्य बर्डी (सीताबर्डी), धरमपेठ, फुटाळा तलाव आणि सकाळच्या तर्री-पोह्याच्या ठेल्याभोवती फिरतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मैत्रिणी मिळाल्या असतील तर महालात मारबत (पुतळ्यांची मिरवणूक) पाहायला जा, घरी सांगून.

भाषेची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण तुमसरची मुलगी म्हणजे ती असणारच. वर्गात शिकवणं इंग्रजीत, बाहेर ऑटोवाल्यापासून कँटीनपर्यंत हिंदी, आणि मराठी बोललं की पुण्याहून आलेला एखादा हसणार. दिवाळीपर्यंत कानाला सवय होते. तोवर जर्नल वेळेवर लिहा, व्हायवाला उत्तर अडलं तर मराठीत सांगते म्हणा. निम्मे सर याच भागातले आहेत, त्यांना चालतं. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र तुमच्याकडून आणि पालकांकडून प्रवेशावेळीच भरून घेतात. कुणी त्रास दिलाच तर त्या कागदावरचा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये असू द्या.

राहिला प्रवेशाचा दिवस. जागा लागली की ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन सीट ॲक्सेप्टन्स फी भरायची आणि मग कॉलेजात प्रत्यक्ष रिपोर्टिंग करायचं. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, पहिली करून दुसरी विसरलेले पालक शेवटच्या दिवशी पाचला धावत येतात. मूळ कागद दाखवा, झेरॉक्सचे तीन संच द्या, फीची पावती घ्या. पोर्टलवर तुमच्या नावासमोर प्रवेश झाल्याची नोंद दिसली का, हे काउंटरवरच्या माणसाला स्क्रीन फिरवून दाखवायला सांगा. आम्हाला राग येत नाही, आणि आला तरी तुम्ही तिथून हलू नका.