मुलं आणि मोठे दोघंही रमतील अशी पार्टी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय, मुलाचा पाचवा वाढदिवस आहे, १५ पोरं, २५ मोठी माणसं, तर पोरांसाठी वेगळा कोपरा आणि खेळ घेणारा माणूस ठेवावा का. नका ठेवू. कोपऱ्यातलं पोर दहा मिनिटांत आईचा पदर ओढायला येतं आणि आईची पार्टी तिथेच संपते.

आमच्या लेकाचा चौथा वाढदिवस हॉलमध्ये केला होता, मोठ्या दिरांच्या हट्टापायी. माइकवाला ओरडतोय, निम्मी पोरं कानात बोटं घालून, पुरुषमंडळी मोबाइलमध्ये. पाचव्याला मी अडून बसले. जानेवारी, वांग्याचा मोसम, अमळनेर तालुक्यात घरचं शेत, मग भरीत पार्टी, म्हणजे शेतातच वांगी भाजून भरताचं जेवण, ते सोडून दुसरं करायचंच कशाला? ४० माणसांना १५ किलो वांगी आणली, जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदची, हिरवी, पांढऱ्या रेघांची.

पोरांना खेळ दिलाच नाही, काम दिलं. वांग्याला तेल चोळायचं, काडीने टोचे मारायचे, शेंगदाणे सोलायचे. एक वांगं टोचायचं राहिलं, ते कपाशीच्या काड्यांच्या जाळात फट्कन फुटलं. झालं! पुढचा तासभर सगळी चिल्लीपिल्ली दुसरं कधी फुटतंय म्हणून वाट बघत उभी. माझे सासरे त्यांच्यात उभे, तेही वाटच बघत होते.

घोळ जेवणात झाला. पोरांचं भरीत मिरची घालायच्या आधी बाजूला काढा, असं मी तीनदा सांगितलं होतं. दीर म्हणाले, "बिनमिरचीनं? हाई भरीत शे का शिरा?" आणि ठेचलेली हिरवी मिरची सगळ्यात घातली. पोरं दही आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या खाऊन उठली, दोन रडली. त्यावर तेच म्हणतात, "हॉल घेतला असता तर?" अहो, हॉलचा काय संबंध? पातेलं वेगळं हवं होतं!

म्हणून सांगते, पोरांचं आधी काढा, आधी वाढा, मोठ्यांची पंगत नंतर. केक जेवणाच्या आधी कापलात तर पुरीला कोणी हात लावत नाही.

हो, जाळाजवळ एक मोठं माणूस फक्त पोरांवर लक्ष ठेवायला हवं, गप्पा मारणारं नको. दम्याचं कोणी असेल तर धुरापासून लांब बसवा. फ्लॅटमध्ये हे जमणार नाही, तिथे पोरांना भेळ कालवायला बसवा. बजेटचंही विचारलंय तुम्ही, पण आमचं वांगी सोडून सगळं घरचंच होतं, त्यामुळे मला काय सांगता येणार.

यंदा दोन पातेली केली. दीर अजून म्हणतात की बिनमिरचीचं ते खातच नाहीत. पोरांच्या पातेल्यातून दोनदा वाढून घेतलं त्यांनी, मी पाहिलंय.