कला शाखेची प्रयोगशाळा कुठे असते?

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. साताऱ्यात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला, इतिहास मुख्य विषय घेतला आणि जोडीला मराठी ठेवले, हे वाचून मनापासून समाधान वाटले. मात्र पत्राच्या शेवटी तू जो प्रश्न विचारला आहेस, तो दोन दिवस माझ्या मनातून गेलेला नाही. तुझा चुलतभाऊ विज्ञान शाखेत आहे, त्याला आठवड्यातून चार दिवस प्रयोगशाळा असते, आणि "आमच्याकडे फळा आणि बाक यांशिवाय काय आहे?" असे तू लिहितेस. आयुष्यभर इतिहास शिकवल्यावर या प्रश्नाचे नीट उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते, म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने विद्यापीठात चार विद्याशाखा मानल्या आहेत, त्यांतील एक मानव्यविद्येची. आपण सवयीने जिला कला शाखा म्हणतो, तिच्यात भाषा आणि इतिहासाबरोबर भूगोल आणि मानसशास्त्र हेही विषय शिकवले जातात, आणि त्या दोन विषयांना तर नकाशे, सर्वेक्षणाची साधने, चाचण्यांचे संच अशी रूढ अर्थाची प्रयोगशाळाही असते. पण तुझा प्रश्न इतिहास आणि मराठीपुरता आहे, हे मी जाणते. या विषयांच्या प्रयोगशाळेवर तशी पाटी नसते, ती कुणी वेळापत्रकात घालून देत नाही, आणि विद्यार्थ्याने स्वतः मागितल्याखेरीज ती बहुधा उघडतही नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच आहे, आणि ते मी उशिरा शिकले म्हणून तुला वेळेवर सांगते.

मी शिकत होते त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला जाळीची खिडकी होती. मागणीची चिठ्ठी भरून आत द्यायची, अर्धा तास बाकावर बसायचे आणि बहुतेक वेळा तीच चिठ्ठी "बाहेर गेले आहे" असा शेरा घेऊन परत यायची. दोन वर्षे मी त्या शेऱ्यावर विश्वास ठेवला आणि बाजारातल्या गाईडवर परीक्षा दिल्या. तिसऱ्या वर्षी ग्रंथपडताळणीच्या वेळी दाखल क्रमांक मोठ्याने वाचायला मुले हवी होती, म्हणून मला प्रथमच खिडकीच्या पलीकडे जाता आले. मी ज्यांच्यासाठी चिठ्ठ्या भरल्या होत्या, त्यांतली कितीतरी पुस्तके जागच्या जागी होती. त्यांतले एक मी काढले, तेव्हा त्याची पाने वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती. जुन्या पद्धतीच्या बांधणीत छापील कागद घडी घालून शिवला जाई आणि कड वाचकाने सुरीने कापायची असे. मागच्या, परतीच्या तारखा टाकण्याच्या कागदावर एकही तारीख नव्हती, म्हणजे ते पुस्तक ग्रंथालयात दाखल झाल्यापासून कोणी उघडलेलेच नव्हते. ग्रंथपालांची परवानगी घेऊन मी फूटपट्टीने ती पाने सोडवली. कागद फाटू नये म्हणून धरलेला श्वास आणि मग मोकळे झालेले ते पान मला आजही स्पष्ट आठवते. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे असे आहे. ते सूत्र मी पुढे वाचले, पण त्याचा अर्थ मला त्या दुपारी कळला होता.

आता बहुतेक ठिकाणी कपाटांपर्यंत मुक्त प्रवेश असतो, यादी संगणकावर असते आणि तुला जाळीतून चिठ्ठी सरकवावी लागणार नाही. तरीही ग्रंथालय वापरण्याची रीत शिकून घ्यावी लागते. पुस्तकांना विषयवार आकडे देणारे दशांश वर्गीकरण असेल तर भारताचा इतिहास ९५४ या क्रमांकाखाली आणि मराठी साहित्य ८९१.४६ खाली लावलेले असते. हे दोन आकडे पाठ असू देत. संगणकावर पुस्तक सापडले की क्रमांक लिहून घे, कपाटापर्यंत स्वतः जा आणि हवे ते पुस्तक हाती आल्यावर त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची दहा पुस्तकेही उघडून पाहा. यादीत आपण जे शोधतो तेवढेच सापडते. ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नव्हते असे पुस्तक कपाटापाशीच भेटते, आणि माझ्या अनुभवात अभ्यासाला खरी दिशा त्यानेच मिळते. पुस्तक वाचताना आधी त्याची टीप आणि संदर्भसूची वाच, कारण लेखकाने कोणते कागद पाहिले आणि कोणते पाहिले नाहीत, हे तिथेच उमगते.

संदर्भ विभागातील पुस्तके घरी मिळत नाहीत, म्हणून विद्यार्थी तिकडे फिरकत नाहीत. तू मात्र आठवड्यातील एक दुपार त्या विभागासाठी राखून ठेव. कोश कसा पाहावा, एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे कसे जावे, हे वर्गात क्वचितच शिकवले जाते. मराठी विश्वकोशाचे काम तर आपल्याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली उभे राहिले. त्याच्या नोंदी आज संकेतस्थळावरही मिळतात, पण छापील खंड हाताळल्याशिवाय एका विषयाशेजारी दुसरा विषय कसा येतो याची कल्पना येत नाही. डिजिटल सोयींबद्दल एक गोष्ट लगेच कर. एन-लिस्ट या योजनेतून सभासद महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हजारो नियतकालिके आणि ई-पुस्तके वाचता येतात, मात्र त्यासाठी लागणारा प्रवेश-शब्द (पासवर्ड) ग्रंथपालांकडून मागून घ्यावा लागतो. शोधगंगा या संकेतस्थळावरील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध सर्वांसाठी खुले आहेत. आपल्या तालुक्यावर कोणी काय संशोधन केले आहे, हे तिथे पाहण्यापासून सुरुवात कर.

भाषेची प्रयोगशाळा असेल तर तिचाही उपयोग कर, विशेषतः स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकण्यासाठी. त्याहून अधिक त्याविषयी लिहिण्याजोगे मला वाटत नाही.

अभ्यासिकेविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण तिथे तुझी फसगत होण्याचा संभव आहे. साताऱ्यातील अभ्यासिका सकाळी सहापासून भरलेल्या असतात आणि तिथे बसणारी बहुतेक मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करत असतात. घरच्या परिस्थितीतून बाहेर पडण्यासाठी ती जे कष्ट घेतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्यांच्याशेजारी बसून तूही प्रश्न आणि उत्तरे पाठ करू लागशील, आणि तीन वर्षांनी तुझ्याकडे बरीच माहिती असेल पण एकही मत तपासून घेतलेले नसेल, अशी भीती मला वाटते. आपल्या विषयांत शांततेइतकीच बोलण्याची गरज असते. म्हणून विभागप्रमुखांना भेटून दुपारच्या सत्रानंतर एक वर्गखोली आठवड्यातून एकदा मागून घ्या. पाच-सहा जणी जमा, एकच दस्तऐवज किंवा एकच कविता घ्या आणि प्रत्येकीने आपला अर्थ मजकुराच्या आधाराने मांडायचा, असा नियम ठेवा. खोली नाकारली गेली तर लेखी अर्ज द्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. माझ्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी होता. परीक्षेत लेखनिक मिळतो हे त्याला ठाऊक होते, पण पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी पडदावाचक प्रणाली असलेला संगणक ग्रंथालयाकडे मागता येतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने अर्ज केला, संगणक आला, आणि त्याच्यानंतर आलेल्या मुलांना तो मागावा लागला नाही. तुझ्या एका अर्जाने मागून येणाऱ्यांची वाट सोपी होते, म्हणून मागताना संकोच करू नकोस.

एसटीचा पास, खोलीचे भाडे आणि घरून येणारे मोजके पैसे यांचा हिशेब तू पत्रात लिहिला आहेस, तो मी दोनदा वाचला. "कमवा आणि शिका" योजनेत नाव नोंदव आणि शक्य असेल तर काम ग्रंथालयातच माग. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालू केले, आणि त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. श्रम करून शिकण्यात कमीपणा नाही, हे साताऱ्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. पुस्तके परत जागेवर लावण्याचे काम वर्षभर केलेल्या विद्यार्थ्याला त्या ग्रंथालयाची जी ओळख होते, ती आम्हा प्राध्यापकांनाही नसते.

आता इतिहासाच्या खऱ्या प्रयोगशाळेकडे येते. वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, तो वाईत सापडलेल्या कागदांच्या आधाराने. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात बसून आयुष्यभर कागदपत्रे आणि चित्रे जमवली, आणि तो संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. म्हणजे ज्या भूमीवर तू रोज बसमधून उतरतेस, तिच्यातूनच या विषयाची कितीतरी साधने बाहेर आली आहेत. बसस्थानकाजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात २०२४ मध्ये लंडनहून आणलेली वाघनखे ठेवली होती, तेव्हा लोक रांगा लावून येत होते आणि ते पाहून मला आनंदच झाला. पण त्याच वास्तूत शस्त्रे पाहून झाल्यावर जुन्या लिखित कागदापाशी थांबून अक्षर लावू पाहणारी मुले मला फार थोडी दिसली. तू थांबावेस अशी माझी इच्छा आहे.

त्यासाठी मोडी ही जुन्या मराठी कागदांची लिपी शीक. मोडी लिहिणारा कारकून आधी बोरूने कागदभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग त्या रेषेला अक्षरे लटकवल्यासारखी, हात फारसा न उचलता, भराभर लिहीत जाई. शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नसल्यामुळे सुरुवातीला सारी ओळ एकच शब्द वाटते. इकार आणि उकार यांत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो, म्हणून अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो. पहिले दोन महिने काहीच लागत नाही, आणि मग एक दिवस एखाद्या गावाचे नाव किंवा एखादी रक्कम अचानक डोळ्यांपुढे स्पष्ट उभी राहते. तुझा चुलतभाऊ परीक्षानळीतला रंग बदलताना पाहतो, तेव्हा त्याला होणारा आनंद याहून वेगळा नसावा.

नव्या अभ्यासक्रमात तुला क्षेत्रीय प्रकल्प करावा लागेल. प्रात्यक्षिक कामाच्या एका श्रेयांकाला (क्रेडिटला) साधारण ३० तास धरतात, म्हणजे दोन श्रेयांकांच्या प्रकल्पाला ६० तास. अनेक मुले हे तास संगणकावरून उतरवून काढलेल्या मजकुरात घालवतात. तुझ्याकडे याहून चांगला विषय आहे, आणि तो तू पत्रात सहज लिहून गेली आहेस. आजोबांच्या लाकडी पेटीत "कुणालाच वाचता न येणारे जमिनीचे जुने कागद" आहेत म्हणतेस. ते कागद जपण्यासाठी घरात कोणी प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करायला निघाले असेल तर त्यांना आज फोन करून थांबव, कारण लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही आणि त्या उष्णतेने कागद आतून खराब होतो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. हात धुऊन, कोरडे करून, एकेक कागद स्वच्छ सुती कापडावर पसर, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात शेजारी फूटपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे छायाचित्र घे आणि कागद ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने परत ठेव. तो क्रमही पुरावाच असतो. आजोबांना त्या कागदांविषयी जे आठवते, ते त्यांच्याच शब्दांत तारखेसह वहीत उतरवून घे.

छायाचित्रे मला पाठव. दिवाळीच्या सुट्टीत तू आलीस की माझ्या टेबलावर ती मोठी करून ठेवू, अक्षरांचा तक्ता शेजारी घेऊ आणि पहिल्या कागदाची पहिली ओळ आपण दोघी मिळून लावू.

तुझी,
बाई