सायटेशनचा आकडा कसा वाचावा?

प्रश्न : मला रेणवीय जीवशास्त्रात पीएच.डी. करायची आहे. मार्गदर्शक म्हणून दोन संशोधकांचा विचार चालू आहे. एकांच्या नावावर 140 शोधनिबंध असून एच-इंडेक्स 42 आहे; दुसऱ्यांचे शोधनिबंध 35 आणि एच-इंडेक्स 19. पहिल्यांचे काम दुपटीने मोलाचे, असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. एच-इंडेक्स 19 याचा अर्थ, प्रत्येकी किमान 19 सायटेशन्स (म्हणजे इतर निबंधांनी दिलेले दाखले) मिळालेले 19 शोधनिबंध. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी 2005 मध्ये ही मोजपट्टी सुचवली आणि सोयीची असल्यामुळे ती झपाट्याने रूढ झाली. परंतु हा आकडा वर्षांगणिक वाढतच जातो, आणि एखाद्याने पाचच शोधनिबंध लिहून सारे क्षेत्र बदलून टाकले, तरी त्याचा एच-इंडेक्स पाचाच्या वर जाऊ शकत नाही. म्हणून दोघांनी संशोधन कोणत्या साली सुरू केले, हे आधी पाहा. दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे आहेत ना, हेही तपासा. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (पत्रिकेने तपासण्याआधीच खुले केलेले निबंध) मोजते, त्यामुळे तिथले आकडे निवडक पत्रिकांची नोंद ठेवणाऱ्या वेब ऑफ सायन्सपेक्षा सहसा मोठे असतात.

याहून महत्त्वाचे म्हणजे सायटेशन कशासाठी झाले. 2014 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेने सर्वाधिक सायटेशन्सच्या शंभर शोधनिबंधांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची पद्धत सांगणारा लाउरी व सहकाऱ्यांचा 1951 चा निबंध तीन लाखांहून अधिक सायटेशन्ससह पहिला होता. दुसरा लेमली यांचा 1970 चा, जेलवर प्रथिने वेगळी करण्याच्या पद्धतीशी नाव जोडले गेलेला, आणि तिसरा ब्रॅडफर्ड यांचा 1976 चा, तोही प्रथिनमापनाचाच. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडणारा वॉटसन-क्रिक यांचा 1953 चा निबंध मात्र त्या शंभरांत नव्हता. पद्धत वापरली की तिचा उल्लेख करावाच लागतो; दुहेरी सर्पिल पाठ्यपुस्तकात जाऊन बसल्यावर तिच्यासाठी मूळ निबंधाचा दाखला देण्याची गरज कोणाला वाटत नाही. लाउरींचे काम कमी प्रतीचे होते असे यातून मुळीच निघत नाही. हजारो प्रयोगशाळांचे रोजचे काम त्यावर चालले, आणि हेही मोठेच योगदान आहे. पण दोन प्रकारचे योगदान एकाच आकड्यात बसवले की त्यांतला फरक पुसला जातो.

तेव्हा दोघांचेही सर्वाधिक सायट झालेले दोन-तीन निबंध काढा, ते आढावा-लेख आहेत की स्वतःचे प्रयोग हे पाहा, आणि त्यांना सायट करणारे काही निबंध उघडून नाव नेमके कोठे आले आहे ते वाचा. ‘या प्रथिनाचा अभ्यास अनेकांनी केला आहे’ अशा प्रस्तावनेतल्या वाक्याच्या शेवटी पाच-सहा जणांच्या रांगेत ते आले असेल, तर त्याला फार वजन देऊ नका. ‘त्यांनी तयार केलेला प्लाझ्मिड (पेशीत जनुक नेण्यासाठी वापरला जाणारा डीएनएचा गोलाकार तुकडा) आम्ही वापरला’ किंवा ‘त्यांचा निष्कर्ष आमच्या पेशींतही तसाच मिळाला’ असे लिहिलेले आढळले, तर ते काम दुसऱ्यांच्या हातीही टिकले असे समजा. असे एक वाक्य मला पन्नास ओझरत्या उल्लेखांपेक्षा मोलाचे वाटते.

पत्रिकेच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून निबंधाची प्रत ठरवणेही चुकीचेच. तो पत्रिकेच्या मागील दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या सायटेशन्सवरून काढलेला सरासरी आकडा असतो. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’ या स्फटिकशास्त्रावरील पत्रिकेच्या ‘ए’ विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर 2009 साली सुमारे 2 वरून जवळपास 50 वर गेला, तो मुख्यतः शेल्ड्रिक यांच्या एकाच लेखामुळे. उलट, क्रिस्पर, म्हणजे जीवाणूंच्या डीएनएमधले पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, हे त्यांचे संरक्षक तंत्र असावे हा फ्रान्सिस्को मोहिका यांचा निबंध मोठ्या पत्रिकांनी नाकारला आणि तो 2005 मध्ये तुलनेने लहान पत्रिकेत छापून आला.

शेवटी नावांचा क्रम पाहा. आपल्या विषयात प्रयोगांचा मुख्य भार उचलणाऱ्याचे नाव सहसा पहिले आणि प्रयोगशाळा चालवणाऱ्याचे शेवटचे असते. 140 निबंधांपैकी बहुतेकांत तुमच्या पहिल्या संशोधकांचे नाव मधोमध असेल, तर तो बराचसा सहकार्याचा वाटा आहे. दुसऱ्यांच्या 35 निबंधांत त्यांचे नाव शेवटी आणि पहिले नाव दर वेळी वेगळ्या विद्यार्थ्याचे असेल, तर त्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना स्वतःचा निबंध मिळतो. पीएच.डी. करणाऱ्याने सर्वांत आधी हेच तपासावे, आणि शक्य असल्यास त्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याशी बोलून घ्यावे.