वाचकांचे प्रश्न: ओली खारीक, कधी गोड कधी तुरट

प्रश्न: नमस्कार. जुलैमध्ये सांगलीत हातगाडीवर पिवळ्याधमक ओल्या खारकांचे घड दिसले, अर्धा किलो घेतले, खाताना कुरकुरीत आणि मस्त गोड. चार दिवसांनी दुसऱ्या गाड्यावरून आणली तर पहिल्याच घासाला तोंड आवळलं, सासूबाईंनी थुंकूनच टाकली. दिसायला सेम टू सेम! फसवलं का आम्हाला? बिया धुऊन ठेवल्यात, रानात लावू का? (एक वाचक, विटा)

उत्तर: ताई, फसवलं असं नाही म्हणवत, गाड्यावाल्यालाही जात माहीत असतेच असं नाही. पहिली होती ती बहुतेक बरही. ही इराकमधल्या बसऱ्याकडची खजुराची जात (ओली खारीक म्हणजे खजुराचंच ताजं, कडक फळ), आणि पिवळी, कडक असतानाच ती गोड लागते हीच तिची खासियत. बाकी बऱ्याच जातींत त्या वेळी टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, भरपूर असतं, ते लाळेला धरतं आणि जीभ खरखरीत होते, कच्चं केळं चावल्यावर होते ना तशी. फळ मऊ पडायला लागलं की तेच टॅनिन विरघळेनासं होतं आणि तुरटपणा जातो. बरहीत ते मुळातच कमी, म्हणून मऊ व्हायची वाट बघावी लागत नाही.

आपल्याकडे जून-जुलैत येतो तो बराचसा माल कच्छचा. तिथली जुनी झाडं बियांपासून उगवलेली आहेत, त्यामुळं झाडागणिक चव वेगळी, काही लाल, काही पिवळी, काही साखर तर काही नुसता तुरटपणा (त्या कच्छी खारकेला 2024 मध्ये जीआय टॅगही, म्हणजे त्या भागाची खास ओळख सांगणारं भौगोलिक मानांकन, मिळाला). म्हणून एक खाऊन बघितल्याशिवाय घ्यायची नाही. मी एकदा मिरजेत रंगावर भाळून दोन किलो उचलली, घरात अजून बोलणी बसतात.

तुरट उरलीच असेल तर रात्रभर डीप फ्रीझरला टाका आणि सकाळी बाहेर काढून ठेवा, हळूहळू मऊ, तपकिरी होते आणि तुरटपणा बराच उतरतो. डिंकाच्या लाडवात जाते ती सुकी खारीक म्हणजे अशीच कडक फळं उकळून वाळवलेली असतात बरं का.

बियांचं म्हणाल तर हौस म्हणून लावा, पण त्यातून बरही येईल ही आशा नको. खजुरात नर वेगळा, मादी वेगळी, बियांतून निम्मी झाडं नरच निघतात, आणि ते कळायलाच चार-पाच वर्षं जातात. मादी निघाली तरी फळ आईसारखं येईलच असं नाही. जात तशीच हवी तर बुंध्याशी फुटलेली पिल्लं नाहीतर टिश्यू कल्चरचं (मूळ झाडाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेलं) रोप, दुसरा रस्ता नाही.

प्रश्न: दादा, माणमध्ये तीन एकर माळ पडून आहे. खजुराला पाणी लागत नाही म्हणतात, बरही लावली तर जमेल का? (दहिवडीजवळचा शेतकरी)

उत्तर: पाणी लागत नाही हे कुणी सांगितलं? अरब लोक म्हणतात खजुराचे पाय पाण्यात आणि डोकं आगीत हवं. झाड ताण सोसतं, मरत नाही, पण फळ धरायचं तर ठिबक पाहिजेच. आठ बाय आठ मीटरवर रोपं लावतात, सोबत थोडे नर, आणि परागीभवन वाऱ्यावर सोडायचं नाही, नराच्या फुलाच्या काड्या हातानं मादीच्या तुऱ्यात खोवायच्या. झाडं वाढली की शिडी घेऊन दरवर्षी चढायचं, हे मजुराच्या हिशोबात आत्ताच धरा.

खरा शत्रू म्हणजे पिकताना येणारा पाऊस, फळ तडकतं, कुजतं. तुमच्याकडं मोठा पाऊस सप्टेंबरात, बरही पिवळ्यावरच तोडून विकता येते, म्हणून हिशोब जुळू शकतो. मेदजूलसारखा मऊ खजूर करायचा म्हटलं तर घड झाडावर अजून थांबवावे लागतील, तो नाद नको. टिश्यू कल्चरची रोपं महाग असतात, तेव्हा तीन एकर एकदम नको, वीस-पंचवीस रोपं लावून बघा.

प्रश्न: आमच्या ओढ्याकाठची शिंदी म्हणजे खजूरच ना? (शाळकरी वाचक, जत)

उत्तर: चुलत भाऊ म्हण. फळ बारकं, बी मोठी, गर नावाला. तिची नीरा निघते, पानांच्या केरसुण्या होतात. पिकलेली शिंदोळी खाऊन बघ, पण काटे सांभाळून.