‘स्टार्टिंग कर्नल’ म्हणतो आणि गप्प बसतो

वाचकांचे प्रश्न : एम्बेडेड लिनक्स (यंत्रांच्या आतल्या छोट्या बोर्डांवर चालणारं लिनक्स)

प्रश्न : आमच्याकडे सहा इंजिनिअर आहेत. मायक्रोकंट्रोलरवर सी लिहिण्यात सगळे तयार, पण लिनक्स फक्त लॅपटॉपवर पाहिलेलं. नव्या मशीनचा कंट्रोलर लिनक्सवर आहे. आठ आठवड्यांत तयार होतील का? आमचे एक सहकारी म्हणतात, सरळ योक्टोच (बोर्डासाठी अख्खं लिनक्स बांधणारं साधन) शिकवा. — एक वाचक, भोसरी

उत्तर : आठ आठवडे पुरतात, मात्र सुरुवात योक्टोने नको. त्यात एका कमांडवर अख्खं कार्ड तयार होतं, बोर्ड चालू होतो आणि सगळे खूश. पुढे कुठे अडलं, की चूक यू-बूटमध्ये (बोर्ड चालू झाला की कर्नल मेमरीत आणणारा प्रोग्रॅम) आहे, कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा), की रूट फाइलसिस्टिममध्ये (बाकीचे प्रोग्रॅम आणि फाइली), हे कुणालाच सांगता येत नाही.

पहिले दोन आठवडे सगळं हाताने बांधायला लावा : क्रॉस-कंपायलर (लॅपटॉपवर बोर्डासाठीचा कोड बांधणारा), यू-बूट, कर्नल आणि बिझीबॉक्सची (नेहमीच्या कमांड एकाच फाइलमध्ये देणारा प्रोग्रॅम) छोटी रूट फाइलसिस्टिम. बिझीबॉक्स आधी स्टॅटिक (लायब्ररी आतच घेतलेला) बांधा आणि तो चालला की मुद्दाम डायनॅमिक (लायब्ररी बाहेरून घेणारा). मग कर्नल इनिट (सगळ्यात पहिला प्रोग्रॅम) सुरू करताना एरर वजा २ देतो, म्हणजे ‘फाइल नाही’. फाइल तर समोर दिसत असते! नसतो तो तिला चालवणारा डायनॅमिक लोडर. तो आणि सी लायब्ररी लिब फोल्डरमध्ये टाकली की काम होतं. यावर अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

तिसरा-चौथा आठवडा डिव्हाइस ट्री (बोर्डावर कोणतं हार्डवेअर कुठे आहे, याचं वर्णन) आणि ड्रायव्हर, मग दोन आठवडे बिल्डरूट (योक्टोसारखंच, पण सोपं साधन), शेवटचे दोन योक्टो. योक्टोच्या मशीनला किमान १६ जीबी रॅम आणि १५० जीबी मोकळी डिस्क हवी. कंपायलर मध्येच ‘किल्ड’ म्हणून मेला तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका, बहुतेक वेळा रॅम संपलेली असते. एकाच वेळी चालणारी कामं चारवर आणा. पहिली बिल्ड कित्येक तास चालते. तुमच्याकडे गुरुवारची सुट्टी असेल तर बुधवारी संध्याकाळी लावून घरी जा. मध्ये वीज गेली तरी बिटबेक (योक्टोची बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम) पूर्ण झालेली कामं सहसा परत करत नाही.

बोर्ड प्रत्येकाला स्वतंत्र द्या. दोघांत एक दिला, की एक टाइप करतो आणि दुसरा मान हलवतो. बीगलबोन ब्लॅक शिकायला चांगला. प्रत्येकी एक ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, दोन मायक्रोएसडी कार्डं आणि एक यूएसबी-सिरियल केबल (बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर दाखवणारी) लागेल. केबल पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळेल, फक्त ती ३.३ व्होल्टची आहे का ते मल्टिमीटरने बघा. काही पाठवत नसताना टीएक्सची (पाठवणारी) तार हायच असते, त्यामुळे ती आणि ग्राउंड यांच्यात ३.३ दिसले तर ठीक. ५ दिसले तर बोर्डाला लावू नका, पिन जळू शकते. बोर्डावरच्या सहा पिनांपैकी १ ग्राउंड, ४ आरएक्स (घेणारी), ५ टीएक्स. केबलचा टीएक्स बोर्डाच्या आरएक्सला जातो. लाल तार मोकळीच ठेवा. वेग ११५२००.

प्रश्न : कार्डावर नवीन यू-बूट आणि कर्नल टाकला. स्क्रीनवर ‘स्टार्टिंग कर्नल’ येतं आणि पुढे शुकशुकाट. कार्ड तीनदा नव्याने लिहून झालं. बोर्ड बीगलबोन ब्लॅक. — एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : कार्ड ठेवा बाजूला आणि लॉगची अगदी वरची ओळ वाचा. तिथे यू-बूट कधी बांधला ती तारीख असते. ती जुनी असेल तर चाललेला यू-बूट तुमच्या कार्डावरचा नाहीच, बोर्डाच्या आतल्या ईएमएमसी मेमरीतला आहे. कार्डावरून चालू करायला एस२ बटण दाबून धरून पॉवर द्या. नुसतं रीसेट दाबून भागत नाही. कुठून बूट व्हायचं, हे चिप पॉवर येतानाच ठरवते.

तारीख नवीच असेल तर बोर्डावरचे निळे दिवे पाहा. एक दिवा ‘लप्-डप्’ असा दोन-दोनदा लुकलुकत असेल, तर कर्नल जिवंत आहे, फक्त दुसरीकडे बोलतोय. बूटआर्ग्समधलं (यू-बूट कर्नलला देतो त्या सूचना) कन्सोल, म्हणजे संदेश कुठे पाठवायचे ते, तपासा : जुन्या कर्नलमध्ये ते टीटीवाय-ओ-शून्य होतं, आता टीटीवाय-एस-शून्य. ‘ओ’ हे अक्षर आणि शून्य यांत गल्लत करणारे दर बॅचमध्ये भेटतात. दिवा लुकलुकत नसला म्हणून लगेच कर्नल मेला असं धरू नका. हार्टबीट ट्रिगर (दिवा लुकलुकवणारा कर्नलचा भाग) मॉड्यूल म्हणून (नंतर लोड होणारी वेगळी फाइल) बांधला असेल तरीही तो गप्प राहतो. बूटआर्ग्समध्ये अर्लीकॉन (अगदी सुरुवातीचे संदेश दाखवणारी सूचना) घालून पाहा. तेवढ्यावरही काही आलं नाही, तर डीटीबी (डिव्हाइस ट्रीची फाइल) दुसऱ्याच बोर्डाची आहे का, किंवा ती आणि कर्नल मेमरीत एकमेकांवर चढलेत का, ते बघा.

प्रश्न : माझं मॉड्यूल काल लोड होत होतं, आज ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ येतं. ड्रायव्हरच्या कोडला हातही लावलेला नाही. — एक वाचक, हडपसर

उत्तर : ड्रायव्हरला नसेल लावला, पण कर्नलच्या गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) एखादा कमिट, म्हणजे बदलाची नोंद, केलात का? टॅगपासून (आवृत्तीच्या खुणेपासून) पुढे सरकलात की बिल्ड कर्नलच्या आवृत्तीच्या शेवटी अधिक चिन्ह चिकटवते. बोर्डावर कालचा बिनअधिकाचा कर्नल, मॉड्यूल आजच्या अधिकवाल्यासाठी, आणि दोघांची आवृत्ती जुळत नाही. बोर्डावर ‘यूनेम -आर’ चालवा, मॉड्यूलवर ‘मॉडइन्फो’ चालवून व्हरमॅजिकची (मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी आहे ते सांगणारी) ओळ बघा आणि दोन्ही शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडा. कर्नल आणि मॉड्यूल एकाच सोर्स कोडमधून बांधून एकदमच बोर्डावर न्या. इन्समॉडला (मॉड्यूल लोड करणारी कमांड) जबरदस्ती करायला लावू नका. आवृत्ती खरोखर वेगळी असली तर आतली स्ट्रक्चर्स बदललेली असतात आणि बोर्ड भलत्याच ठिकाणी कोसळतो.

प्रश्न : स्टेपर मोटरचे २० किलोहर्ट्झचे पल्स लिनक्सच्या साध्या प्रोग्रॅममधून निघतील का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : निघतील, पण मोटर अडखळेल. दोन पल्समध्ये ५० मायक्रोसेकंदच मिळतात, आणि तेवढ्यात लिनक्स दुसऱ्या कामाला निघून गेलेलं असू शकतं. रिअल-टाइमचं (ठरल्या वेळेत काम करण्याचं) प्रीएम्प्ट-आरटी २०२४ च्या ६.१२ पासून मूळ कर्नलमध्ये आहे आणि त्याने विलंब बराच आवरतो. तरीही पल्स त्याच्या भरवशावर सोडू नका. लिनक्सने फक्त ‘इतक्या वेगाने, इतक्या स्टेप’ सांगावं. पल्स बीगलबोनच्या चिपमधल्या दोन पीआरयूंपैकी (लिनक्सपासून वेगळे चालणारे छोटे प्रोसेसर) एकाने काढावेत (२०० मेगाहर्ट्झ, साधी इन्स्ट्रक्शन ५ नॅनोसेकंदांत), नाहीतर शेजारी बसवलेल्या शंभर-दीडशे रुपयांच्या मायक्रोकंट्रोलरने.